नावेवरचा हंडा

राजेसाहेबांना नौकाविहाराची भारी हौस. नाव कधी तळाला टेकू नये म्हणून त्यांनी नदीवरच्या बंधाऱ्याचे दरवाजे वर्षभर बंदच ठेवले. नदी तुडुंब दिसू लागली, पण वाहायची थांबली. तळाच्या गोट्यांवर गाळ बसला, तिथे अंडी घालणारे मासे नाहीसे झाले आणि मासेमारीवर जगणाऱ्या भोईवाड्याने गाव सोडायची तयारी केली.

भोयांची म्होरकी सगुणा गाऱ्हाणं घेऊन गेली, तर राजेसाहेब हसले. "अगं, नदी काठोकाठ भरलेली आहे. आणखी काय हवं?"

सगुणा परतली. नावेवरचा पिण्याच्या पाण्याचा हंडा भरणं तिच्याकडेच होतं.

पंधरवड्याने विहारात राजेसाहेबांनी पेला तोंडाला लावला आणि घोट थुंकून टाकला. "शी! वास मारतोय!"

"सरकार, हंडा काठोकाठ भरलेला आहे. आणखी काय हवं?" सगुणा म्हणाली. "पंधरा दिवसांत ओतून घासला नाही, एवढंच."

राजेसाहेबांनी नावेखालच्या हिरव्या पाण्याकडे पाहिलं. त्यांनी पेला खाली ठेवला.

"दरवाजे उघडतो," ते अखेर म्हणाले. "पण पाणी उतरलं की माझी नाव टेकेल, त्याचं काय?"

"घासलेला हंडा कुणी रिकामा ठेवतं का, सरकार?"