कड्यावर समजलेला शब्द

एकदा एक शिष्या आपल्या वृद्ध गुरूंना भेटायला घाटमाथ्यावरच्या गावी आली. तिचे नाव शाल्मली. पर्यटकांसाठी इंग्रजीत माहितीपत्रके लिहिणे हा तिचा व्यवसाय. तिला इंग्रजी शिकवणारे कर्णिक सर निवृत्तीनंतर तिथे एकटेच राहत. तिने त्या गावावरचे आपले ताजे लिखाण त्यांना वाचून दाखवले. त्यात हॉटेलातले जेवण ऑसम होते, पोहण्याचा तलाव ऑसम होता आणि गावाबाहेरचा कडाही ऑसमच होता.

"कडा पाहिलास का?" सरांनी विचारले.

"फोटोत पाहिलाय, सर."

"मग चल."

बाहेर दाट धुके होते. बरेच चालल्यावर सर एकाएकी थांबले. "इथून पुढे पालथी होऊन सरपटत जा. मी तुझे पाय धरतो."

शाल्मलीला हे विचित्र वाटले, पण सरांचा शब्द तिने कधी मोडला नव्हता. ओल्या, गार कातळावरून चाचपडत ती पुढे सरकली, आणि अचानक हाताखाली काहीच उरले नाही. खालून उसळलेला वारा तोंडावर आदळला. मग धुके विरले.

तिच्या हनुवटीखाली कातळ सरळ तुटला होता. तळाचे जंगल शेवाळासारखे दिसत होते. कोपराजवळचा एक दगड निसटला. तो पडल्याचा आवाज ऐकायला तिने श्वास रोखला. आवाज आलाच नाही. दरी आपल्याला आत ओढते आहे असे तिला वाटले. डोळे मिटावेत तर मिटवेनात.

"सर, सोडू नका हं!"

"धरलंय, बाळ. काय दिसतंय ते सांग."

तिला एकही शब्द सुचेना.

ती सरपटत मागे आली आणि कातळ धरून बसली. सर हळूच म्हणाले, "ऑसममधला 'ऑ' हा मूळचा वेगळा इंग्रजी शब्द. त्याचा अर्थ हेच भय. ज्याच्यापुढे माणूस लहान होतो आणि तरी ज्याच्यावरून नजर हटत नाही, ते. लोक आता हा शब्द कशालाही लावतात. लावोत बापडे, भाषा बदलतेच. पण तू माणसांना इथे बोलावणार आहेस. भय गळून गेलेला शब्द वाचून ती हसत-खेळत या काठावर येतील."

शाल्मलीने काठाकडे पाहिले. मग तिने विचारले, "तुम्हाला अजून भीती वाटते, सर?"

"फार. एकटा असलो की मी इथून पुढे जात नाही." सरांनी काठी बाजूला ठेवली आणि ते सावकाश पालथे झाले. "आज तू आहेस. धर पाय."

तिने त्यांचे कृश घोटे दोन्ही हातांनी घट्ट धरले. सर काठाशी पोहोचले. त्यांच्या पायांतला कंप तिच्या तळहातांना कळत होता.