अगदी शेवटची सूचना

"अगदी शेवटची सूचना!" राजेसाहेबांनी लाल शाईचा कागद भर दरबारात फडकवला. "राजाला शेवटची सूचना? अब्रू गेली आमची, सदोबा!"

ग्रंथालयाचा रखवालदार सदोबा हात जोडून पुढे आला. 'विचारझुंबर' मासिकाच्या कचेरीतून दर तीन महिन्यांनी असा कागद यायचा, 'वर्गणी संपत आली, त्वरा करावी!' आणि राजेसाहेब त्वरा करायचे. बाकीदारांच्या यादीत आपलं नाव नको, असं ते चारचौघांत सांगत. खरं कारण वेगळंच होतं. मासिकात एक कादंबरी चालू होती, तिची नायिका चार महिने विहिरीच्या काठाला लोंबकळत होती, आणि पुढचा अंक चुकला तर आपलं कसं होणार, या काळजीनं राजेसाहेबांना जेवण गोड लागत नव्हतं!

पण लाल शाई म्हणजे फारच झालं.

"मासिकांचं काम तुझ्याकडे! आता ऐक. 'विचारझुंबर' आम्हाला मरेपर्यंत मिळालं पाहिजे आणि यापुढे एक पैसुद्धा जाता कामा नये. उद्या सकाळपर्यंत तजवीज कर, नाहीतर किल्ल्या ठेव आणि चालू लाग!"

बावीस वर्षांची नोकरी! सदोबा घरी येऊन डोकं धरून बसला. पोरगी हौसा मात्र त्याची हकीकत ऐकता ऐकता खुदकन हसली.

दुसऱ्या दिवशी सदोबाच्या आधी तीच दरबारात शिरली. काखेत टोपली.

"तू कोण गं? आणि तजवीज कुठाय?"

"मी सदोबांची लेक. तजवीज टोपलीत आहे, सरकार. पण आधी सांगा, मासिक आपल्या हातात कसं येतं?"

"चांदीच्या तबकात!"

"आणि त्याच्यावरचं वेष्टण?"

"ते आम्ही कशाला बघू? टपालाचा मळका कागद आमच्या हाताला लागू द्यायचा नाही, असा राजवाड्याचा रिवाज आहे. बाहेरच फाडून टाकतात."

"ते माझे बाबा फाडतात. फडताळात अंथरायला घरी आणतात. मी अंथरता अंथरता वाचते." हौसानं एक वेष्टण पुढे केलं. "पत्त्याखाली बारीक अक्षरात काय छापलंय?"

राजेसाहेबांनी चष्मा लावला. "वर्गणी संपण्याचा महिना, चैत्र, शके अठराशे... सत्त्याण्णव?"

"आत्ता बावन्न चाललंय, सरकार! कचेरी दर तीन महिन्यांनी सगळ्यांनाच सूचना धाडते. आपण पंधरा वर्षं प्रत्येक सूचनेला वर्षाची वर्गणी भरलीत."

राजेसाहेबांनी बोटांवर हिशेब केला. त्यांचं वय बावन्न.

"म्हणजे आमच्या सत्त्याण्णवाव्या वर्षापर्यंत..."

"मासिक येत राहणार, आणि पैही द्यायची नाही! वर्गणीचं काम झालंय, सरकार. आता तेवढं जगायचं काम आपलं!"

राजेसाहेब आधी लालेलाल झाले, मग त्यांच्या पोटातून असं हसू फुटलं की पगडी तिरकी झाली. "आणि हे मासिक आम्ही कशासाठी घेतो? तर विचार करायला शिकायला! सदोबा, किल्ल्या तुझ्याचकडे राहू देत. पोरी, तू काय घेणार?"

"प्रत्येक अंक पहिल्यांदा मी वाचणार!"

राजेसाहेबांचा चेहरा पडला. पण राजाचा शब्द!

"दिला," ते म्हणाले आणि तिच्याकडे वाकून हळूच पुटपुटले, "फक्त ती विहिरीतून वर आली की नाही, तेवढं आम्हाला आधी सांगू नकोस हं!"