उरलेले तीन किलोमीटर

एकदा घाटमाथ्यावरच्या एका गावात एक शिक्षिका राहत होती. वय चव्वेचाळीस. मागच्या वर्षी तिने तालुक्याच्या हाफ मॅरेथॉनमध्ये भाग घेतला, पंधराव्या किलोमीटरला पायांत गोळे आले आणि ती रस्त्याकडेला बसली. शर्यतीच्या मागून येणाऱ्या गाडीने तिला उचलून आणले. गाडी अंतिम रेषेपाशी थांबली तेव्हा तिचा अख्खा सातवीचा वर्ग स्वागताला उभा होता. मुलांनी टाळ्याही वाजवल्या. त्या टाळ्या तिला वर्षभर पुरल्या.

यंदा तिने पुन्हा नाव दिले आणि ती एका वृद्धाला शरण गेली. हा वृद्ध तरुणपणी टपालाची पिशवी घेऊन घाटातून धावत असे. सगळे त्याला अण्णा म्हणत. त्याची शिकवण अगदी तोकडी होती. आज इतके धावा, उद्या झोपा, बस्स. यातले पहिले ती निमूट ऐके, दुसरे मात्र तिला जमत नसे.

पहाटे साडेचारला उठून, बधिर बोटांनी बुटांच्या नाड्या बांधून ती अंधारात निघे. वर्गात फळ्यासमोर उभ्या उभ्या डोळे मिटत. विश्रांतीच्या दिवशीही ती चोरून धावे, कारण अंथरुणात पडले की ती गाडी डोळ्यांपुढे येई. भीतीने जुंपलेल्या माणसाला आपण कौतुकाने कष्टाळू म्हणतो, हे मोठेच नवल आहे.

शर्यतीला पंधरा दिवस उरले. अण्णांनी रविवारी अठरा किलोमीटर सांगितले होते. तिने मनाशी ठरवले, शर्यतीचे पूर्ण एकवीस पळायचे आणि एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा.

अठराव्या किलोमीटरला फाटा लागतो. तिथे अण्णा पहिल्या एसटीने येऊन, कानटोपी घालून उभे होते.

"थांबा, बाई. झाले अठरा."

"अण्णा, तीनच राहिलेत. ती बघा पुढच्या गावाची टाकी दिसते."

"बूट काढा."

ती चक्रावली. पण वडीलधाऱ्या माणसाचा शब्द मोडवेना. तिने बूट काढले. अण्णांनी ते शांतपणे आपल्या पिशवीत टाकले, परतीची एसटी आली तशी हात केला आणि ते चढले. गारठलेल्या डांबरावर ती अनवाणी उभी राहिली. रडू आणि संताप दोन्ही एकदम दाटून आले. पुन्हा गाडीच! शेवटी ती चढली, त्यांच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "आज पळू दिलं असतंत, तर मला खात्री तरी झाली असती."

"झाली असती," अण्णा म्हणाले. "आजच्यापुरती. उद्या पहाटे पुन्हा वाटलं असतं, काल जमलं ते चुकून. मग परत पळाला असतात. भीतीला कितीही पुरावे द्या, तिचं पोट भरत नाही. आणि शर्यतीला पाय कुठून आणणार होतात? बाई, मी तीस वर्षं पिशवी वाहिली. ओढा भरला असेल का, वाट खचली असेल का, निघताना एकदाही ठाऊक नसायचं. रोज भीती वाटायची. खात्री झाल्यावरच निघायचं म्हटलं असतं, तर एक पत्र पोचलं नसतं."

"म्हणजे त्या दिवशीही भीती वाटणारच?"

"वाटणारच. बूट बुधवारी आणून देतो. तोवर झोपा."

ती हळूच म्हणाली, "अण्णा, मला फार भीती वाटते हो. पुन्हा मुलांसमोर गाडीतून उतरायची."

"आज बोललात," अण्णा म्हणाले. "इतके महिने मला नुसती घड्याळातली वेळ सांगत होतात."

तिने डोळे पुसले, डोके खिडकीला टेकवले. पुढचा थांबा येण्याआधीच तिला गाढ झोप लागली. कंडक्टर तिकिटाला आला, तेव्हा अण्णांनी ओठांवर बोट ठेवले आणि दोन तिकिटे काढली.