शंभर वर्षांपुढचा मांडव

“माझ्या मांडवात राज्य शंभर वर्षांनंतरचं हवं, त्यात मी हवा, आणि थाप एकही नको!” राजा चित्ररथाने फर्मावलं आणि कनकनगरच्या चिताऱ्यांच्या हातांतले कुंचले गळून पडले.

नदीकाठी जगाचा मेळा भरला होता. देशोदेशींचे कारागीर उद्याचं जग घेऊन आले होते. कुणाची वाऱ्यावर पळणारी गाडी, कुणाचा तेलाशिवाय जळणारा दिवा, तर कुणाचं घरबसल्या परगावच्या मावशीशी बोलायचं नळकांडं! लोक तोंडात बोटं घालून हिंडत होते. यजमान राजाचा मांडव मात्र रिकामाच!

“महाराज, आपलं चित्र काढू या,” प्रधानजी म्हणाले.

“चित्र नको!”

“मग पुतळा?”

“पुतळ्यावर कावळे बसतात! मी जातीने हवा, जिवंत, आज आहे तसाच. परवा दुपारपर्यंत हे जमलं नाही, तर सगळ्या कारागिरांचं मुंडण करीन आणि मेळा बंद!”

प्रधानजींचा चेहरा पडला. शंभर वर्षांनी राजा जिवंत दाखवावा, तर ती थाप. न दाखवावा, तर मुंडण!

मांडवाचे बांबू बांधले होते केरबा बुरुडाने. बिचाऱ्याने स्वतःच्या डोक्यावरून हळूच हात फिरवला. ते पाहून त्याची लेक येसू उसळली. मेळा बंद? अजून तर त्या वाऱ्याच्या गाडीत तिचं बसूनसुद्धा झालं नव्हतं! ती तडक प्रधानजींपुढे जाऊन उभी राहिली.

“मांडव मी सजवते. मला फक्त बाबा, चार विणकर आणि दोन कुंभारणी द्या!”

तिसऱ्या दिवशी दुपारी राजा आला. मांडवात बांबूचा उंच पूल होता, घरांच्या गच्च्यांवर भाज्यांचे मळे होते, विणकर आणि कुंभारणी चित्रविचित्र टोप्या घालून इकडून तिकडे लगबगीने चालले होते. दारात पहारेकरी म्हणून केरबा उभा होता.

“कोण हो तुम्ही, पाहुणे?” त्याने विचारलं.

“मला ओळखत नाहीस? मी राजा चित्ररथ!”

“चित्ररथ महाराज? त्यांना होऊन शंभर वर्षं झाली की! पण नाक मात्र ऐकलंय अगदी तसंच हं तुमचं!”

“थाप!” राजा गरजला. “हा मला ओळखतो!”

येसू पुढे झाली. “महाराज, मी येसू, हा मांडव मी सजवलाय. हा काळ शंभर वर्षांपुढचा. असं तुम्हीच फर्मावलंत. इथे तुम्हाला ओळखणारं कोण असणार? त्यांनी ओळखलं असतं, तर ती थाप झाली असती!”

राजाने मिशी चावली. “बरं! पण या राज्यात मी कुठे आहे?”

“हे काय, पुलाजवळ उभे आहात! जातीने, जिवंत, आज आहात तसेच!”

राजाने स्वतःच्या पायांकडे पाहिलं. मग पुलाकडे. मग पुन्हा पायांकडे. पण हार मानेल तर तो चित्ररथ कसला!

“ठीक! मग या काळातले लोक माझ्याबद्दल काय बोलतात, ते सांग. आणि थाप नको!”

हा प्रश्न येसूने धरलाच नव्हता! खरं सांगावं तर तिला ठाऊक नाही, गोड बोलावं तर ती थाप. केरबाने डोळे मिटून घेतले. आणि येसूच्या डोळ्यांत एकदम चमक आली.

“तिथेच तर घोळ आहे, पाहुणे!” ती म्हणाली. “निम्मे म्हणतात, त्या राजाने कारागिरांची डोकी भादरली आणि मेळा मोडला. निम्मे म्हणतात, छे, त्याने मेळा महिनाभर वाढवला आणि गावाला जिलेब्या वाटल्या! पारावर रोज भांडणं होतात. तुम्ही नेमके त्या काळातले दिसता. मग खरं काय झालं, ते तुम्हीच सांगा!”

राजा असा खदखदून हसला, की पुलाचे बांबू करकरले!

“जिलेब्या!” तो डोळे पुसत ओरडला. “जिलेब्याच वाटल्या! आणि त्या राजाने येसू नावाच्या एका मुलीला मेळ्याची कारभारीण नेमलं, हेही सांगा तुमच्या पारावर!”

असं म्हणून त्याने हातातलं सोन्याचं कडं येसूच्या हाती ठेवलं आणि तिला आपल्या हत्तीवर बसवून साऱ्या मेळ्यातून वाजतगाजत मिरवलं!