तेरा सुखदेव

पाय पांघरुणात घ्या रे. हं. एकदा काय झालं, डोंगराखाली एक गाव होतं. लोकांचं भलं व्हावं म्हणून राजानं तिथल्या चावडीवर एक पेटी आणून ठेवली. बोलकी पेटी, बरं का. काहीही विचारा, सगळ्यांत चांगलं काय ते सांगायची.

लोकांनी आधी विचारलं, पेरणी कधी करू? पेटीनं सांगितलं. पीक झकास आलं. मग विचारलं, पोरीला कुठं देऊ? पेटीनं सांगितलं. पोरी सुखात नांदल्या. मग लोक आज भाजी कुठली करू, हेही विचारायला लागले. डोक्याला तेवढाच आराम.

मग यसूला मुलगा झाला. बारशाला आत्यानं बाळाच्या कानात कुर्र करून नाव ठेवायचं असतं. पण भामाआत्या आधी चावडीवर गेली. म्हणाली, "सगळ्यांत चांगलं नाव कुठलं?"

पेटी म्हणाली, "सुखदेव."

आत्यानं तेच ठेवलं. पुढच्या बारशाला दुसऱ्या आत्यानं तेच विचारलं, पेटीनं तेच सांगितलं. सगळ्यांत चांगलं नाव एकच असणार ना? दोन-तीन वर्षांत गावात तेरा सुखदेव झाले.

पोरं जरा मोठी झाली. एके दिवशी तेराही जण करवंदं खायला डोंगरावर गेले, अन् धुकं उतरलं. वर मोठा कडा होता. आयांनी खालून हाका मारल्या, "सुखदेव, ए सुखदेव." बारा जण धावत आले. यसूचा आला नाही.

यसू रडत पेटीकडे गेली. पेटी शांतपणे म्हणाली, "सुखदेव हवा होता. बारा आले आहेत."

मग भामाआत्या लुगडं खोचून स्वतःच डोंगर चढली. सुखदेव, सुखदेव करून घसा बसला. ओ नाही. आता काय म्हणून हाक मारावी? विचार करायची सवय गेली होती बिचारीची. खूप वेळ उभी राहिली. मग ओरडली, "अरे ए, झोपेत माझी गोधडी ओढणाऱ्या! गोधड्या!"

धुक्यातून आवाज आला, "आत्या, मी इथं आहे."

पोरगं कड्याच्या अगदी टोकाशी बसलं होतं. आत्यानं त्याला उचललं.

"इतक्या हाका मारल्या, ओ का दिली नाहीस रे?"

"मला वाटलं, दुसऱ्या कुणाला बोलावताय."

राजाला हे कळलं. त्यानं विचारलं, "भामाबाई, गोधड्या हे नाव पेटीला विचारून ठेवलंत का?"

"नाही, महाराज."

"अन् चुकलं तर?"

"चुकलं तर माझं चुकलं. मोठेपणी भाचा मला बोल लावील, मी ऐकून घेईन."

राजा म्हणाला, "पेटी पेरणीपुरती राहू दे."

मग उरलेल्या बारा आत्या कामाला लागल्या. आठ दिवस नणंदा-भावजयांची भांडणं. एकाचं नाव तर वांग्या ठेवलं, बरं का. पण हाक मारली की ज्याचा तो घरी यायला लागला, अन् सगळे सुखानं राहिले.

झालं. आता मी हळूच एकेकाचं नाव घेतो. जो झोपला असेल त्यानं ओ द्यायची नाही.