नऊ खुंट्या

ह्या गोष्टीचा शेवट आधी वळखा, माझा पटका तुमचा. आजवर कुणी न्हेला न्हाई. डोक्यावरच हाय, बघा.

"किती तऱ्हा होतील बाबा? सांगा की!"

बाबालाल मोजणीदार इचारत होता. कबरस्तानात. हातात फीत, काखंत खुंट्या. तितं कबरी खणणाऱ्या मदारशा फकिराचा चेला म्हणवायचा, पर यायचा ते शिकायला न्हाई, शिकवायला.

मदारशा चिलीम वढत बसलेला. "माज्या बोटांवर मावायचं न्हाई लेका. तूच सांग."

घरच्यांच्या कबरींसाठी जागा आखली होती बाबालालनं. तीन वळी, वळीत तीन. माणसं नऊ, खुंट्या नऊ.

"जागा कशाबी क्रमानं भरल्या तर तीन लाख बासष्ट हजार आठशे ऐंशी तऱ्हा! पर माजा नेम हाय. डावीकडची आन् मागची जागा भरल्याबिगर कुटलीच खणायची न्हाई. मग उरत्यात बेचाळीस. आठवडाभर मांडून काढल्यात."

"आन् पोरीचा ताप?"

बाबालाल फीत गुंडाळाय लागला.

जैनब त्याची धाकटी. सा वर्साची. तालुक्याच्या डाक्टरनं हात टेकलेले.

"बाबा, बेचाळीसच्या बेचाळीस तऱ्हांत हा पल्याडचा कोपरा शेवटीच भरतो. कशीबी सुरवात करा. तो जैनबचा. पयली जागा माजी, थोरला मी. आदी आम्ही आठ जणं... मग ती."

"बरं."

"बरं न्हाई, शब्द द्या. नेम मोडून खणणार न्हाई म्हणा."

आता हसावं का रडावं? मौतीच्या वाटंत खुंट्या ठोकत होता येडा.

मदारशानं चिलीम उपडी केली. मातीवर हात ठिवला.

"दिला."

तिसऱ्या दिशी बाबालाल परत आला. मागं भाऊबंद. हातांवर पांढऱ्या कापडातलं एवढंसं वझं.

मदारशा कुदळ घिऊन हुबा होता.

"नेम मोडा, बाबा."

"शब्द दिलाय."

"मग हिला ठिवू कुटं?"

फकिरानं कुदळीचं टोक पयल्या खुंटीला लावलं. नेमात बसणारी तेवढीच एक जागा. बाबालालची.



"खणा," बाबालाल म्हणाला. "माजी तिला द्या."

खड्डा कितीसा लागायचा! माती लोटली, भाऊबंद फाटकाकडं सरकले. बाबालाल तितंच. हातसुदिक झाडंना.

"आन् मी, बाबा? मी कुटं?"

मदारशानं पल्याडच्या कोपऱ्याकडं बोट केलं.

"तिची जागा आता तुजी. समद्यांना पोचवून ये."