धुरांड्यावरचं आभाळ

“यातला माझा बाप कुठला, बाबा?”

मुकुंद पालशेतकराने फोटो पुढे धरला तेव्हा दाऊदबाबा दर्ग्याच्या ओट्यावर तांदूळ निवडत होते. मोठ्या लढाईत ते जहाजाच्या भट्टीवरच्या माणसांचे मुकादम, म्हणजे टिंडाल होते. आता खाडीकाठचा हा दर्गा झाडायचे, आणि आजूबाजूच्या गावांतले लोक अडलंनडलं विचारायला त्यांच्याकडेच यायचे.

बाबांनी फोटो हातात घेतला. चष्मा पुसला. डेकवर ओळीने उभे राहिलेले साहेब आणि खलाशी पाहिले.

“यात नाही,” ते म्हणाले.

“नीट बघा ना. हरी पालशेतकर. तुमच्याच हाताखाली होता.”

“पोरा, हरी आगवाला. भट्टीत कोळसा घालायचा. फोटो काढायला आम्हाला वर बोलावतंय कोण?”

मुकुंदाचा चेहरा पडला. तसा तो हार मानणाऱ्यांतला नव्हे. चिपळुणात त्याचा स्वतःचा स्टुडिओ, आणि लढाईच्या फोटोंचा नाद तर असा की बायको वैतागली होती. सैनिक, जहाजं, जवानांसाठी पायमोजे विणणाऱ्या बायका... मोजून दोनशे अकरा फोटो जमवलेले. कुठली तोफ, कुठली पलटण, विचारायचा अवकाश, गडी सुरूच व्हायचा. बाबांपुढेही तो सुरू झालाच. त्यांनी ऐकून घेतलं.

“हुशार आहेस,” ते म्हणाले आणि पुन्हा तांदळाकडे वळले.

“हुशारी घालू चुलीत!” मुकुंद एकदम म्हणाला. “दोनशे अकरा फोटो, बाबा, आणि त्यात माझा बाप नाही. तो गेला तेव्हा मी पोटात होतो. घरात त्याचं एक चित्र नाही. परवा आई म्हणाली, मुकुंदा, आता मलाच त्यांचा चेहरा आठवत नाही रे...”

बाबांचा हात थांबला.

“तुम्ही सांगा, कसा दिसायचा? मी काढून घेतो कुणाकडून तरी.”

“काळा. कोळशात आम्ही सगळे एकसारखेच.”

मुकुंदाला हसूही येईना. त्याने पिशवीतून कागदात गुंडाळलेली मोठी प्रत काढली. फोटो तोच, पण भिंतीवर लावण्याजोगा वाढवलेला.

“बरं, मग निदान जहाज तरी. हे आईला द्यायचंय. मूळ फोटो अगदीच मेला होता हो. धुरांडं कोरडं, वर नुसतं आभाळ. धक्क्याला बांधून ठेवल्यासारखं वाटायचं. मी जीव आणला त्यात.”

आणि खरंच, त्या प्रतीत धुरांड्यातून काळाकुट्ट धूर निघाला होता. लोटच्या लोट, पार कडेपर्यंत. मुकुंदाने स्वतःच्या हाताने, बारीक कुंचल्याने काढलेला. चिपळुणात ज्याने त्याने पाहून शाबास म्हटलं होतं.

बाबांनी बघितलं आणि चटकन मागे सरकले.

“हे आमचं जहाज नव्हे.”

“अहो, नाव वाचा की पुढचं!”

“नाव बरोबर आहे. जहाज आमचं नव्हे.”

“असं कसं?”

“हा धूर काढायला किती वेळ लागला तुला?”

“दहा मिनिटं. जास्तीत जास्त पंधरा.”

“आणि तो न काढायला तुझ्या बापाला एकोणीस दिवस लागले.”

मुकुंदाने प्रत ओट्यावर टेकवली.

“तीस जहाजांचा ताफा होता,” बाबा म्हणाले. “पाण्याखाली पाणबुड्या. धूर दिसला की दहा कोसांवरून माग काढायच्या. कप्तानाचा हुकूम होता, काळा धूर दिसता कामा नये. हुकूम द्यायला काय जातंय? कोळसा मिळालेला रद्दी. एकदम चार फावडी मारली आणि बसलं बिडी ओढत, की वर धुराचा डोंगर. हरी एकेक फावडं घालायचा. पातळ पसरून. दार लावायचं, पुन्हा उघडायचं, पुन्हा एक. हाताची सालं निघायची. मी म्हणायचो, हऱ्या, जरा टेक. तो म्हणायचा, टिंडाल, वर माणसं आहेत.”

“आणि... मग?”

“आमच्या मागचं जहाज धुरावलं. दुपारी होतं. संध्याकाळी नव्हतं.”

खाडीवरून वारा आला. कागद फडफडले, ते मुकुंदाने गुडघ्याखाली दाबून धरले.

“आम्ही बंदराला लागलो. आमच्या जहाजावरचे सगळेच्या सगळे. पुढच्या खेपेला हरीला ताप चढला, परक्या मुलखात माझ्या मांडीवर गेला. मी घरी आलो. निकाह झाला, पोरं झाली, अकरा नातवंडं झाली. दर वेळी बाळ हातात दिलं की मी तुझ्या बापाचं नाव घेतो. मनात. माझ्या घरातल्यांना वाटतं म्हातारा दुआ मागतोय.”

बाबांनी धुराची प्रत बाजूला सारली आणि तो लहानसा, मेलेला फोटो उचलला. साहेबांवरून, खलाशांवरून, तोफेवरून त्यांचा अंगठा वर गेला आणि धुरांड्याच्या वर, जिथे काहीच नव्हतं तिथे थांबला.

“हा हरी.”

मग तो फोटो त्यांनी दोन्ही डोळ्यांना लावला.

दोनशे अकरा फोटोंत जो सापडला नव्हता, तो बाप मुकुंदाला पहिल्यांदाच भेटत होता. त्याने वाकून बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं. बाबांनी त्याला लगेच उठवलं. म्हणाले, “माझे कसले पाय धरतोस? मी तर त्याच्यामुळे इथे बसलोय.”

बाबांनी फोटो त्याच्या हातात दिला आणि पुन्हा तांदूळ पुढे ओढले.

निघताना मुकुंदाने फोटो रुमालात गुंडाळला. दोन पावलं गेला आणि परत आला. कितीही झालं तरी धंद्याचा माणूस.

“बाबा, आता मूळचाच मोठा करतो. पण आईच्या खाटेजवळ जागा थोडी आहे. फ्रेम लहानच लागेल. सगळं काही मावायचं नाही त्यात, काहीतरी कापावं लागेल.”

बाबा तांदळातला खडा शोधत होते.

“जहाज काप,” ते म्हणाले.